रिपोर्टमध्ये जंतू नाही, तरी ओटीपोट का दुखतं?

लघवीला जळजळ झाली की मराठवाड्यात निदान घरातच होतं. "उन्हाळी लागली असल, सबजा भिजव अन् पी," असं सासूबाई सांगतात आणि पुष्कळदा दोन दिवसांत बरंही वाटतं. नाहीच वाटलं तर मेडिकलवरून तीन दिवसांच्या गोळ्या येतात. त्यानंही भागलं नाही तर तालुक्याचा दवाखाना, लघवीची तपासणी आणि पाच दिवसांचं अँटिबायोटिक.

हा लेख त्याच्याही पुढे गेलेल्या लोकांसाठी आहे. त्यांचं ओटीपोट महिनोन्महिने दुखतं. लघवी साचत गेली की कळ वाढते, जाऊन आलं की जरा हलकं वाटतं आणि तासाभरात पुन्हा तेच. अँटिबायोटिकचे चार-पाच कोर्स झालेले असतात. दर वेळी रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणतात, "यात तर काहीच नाही." घरचे मग वेगळ्याच नजरेनं बघायला लागतात.

"काहीच नाही" याचा अर्थ इतकाच, की त्या बाटलीत जंतू वाढले नाहीत. जंतू सोडून दुखायची दुसरी कारणं बरीच आहेत आणि ती या रिपोर्टमध्ये दिसतच नाहीत.

या आजाराला डॉक्टर 'इंटरस्टिशियल सिस्टायटिस' किंवा 'ब्लॅडर पेन सिंड्रोम' म्हणतात. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या व्याख्येनुसार मूत्राशयाशी निगडित वाटणारी वेदना, दाब किंवा अस्वस्थता सहा आठवड्यांहून जास्त टिकली, सोबत लघवीच्या तक्रारी असल्या आणि जंतुसंसर्ग किंवा दुसरं उघड कारण सापडलं नाही, तर हे निदान करता येतं. युरोपातल्या तज्ज्ञांनी ही मुदत सहा महिन्यांची धरली होती. पुढे मी त्याला नुसतं 'मूत्राशयाचं दुखणं' म्हणतो.

## आधी नीट चालणारं मूत्राशय कसं असतं

मूत्रपिंडं दिवसाला साधारण दीड-दोन लिटर लघवी तयार करतात. ती थोडी थोडी करत मूत्राशयात उतरते. दीड-दोनशे मिली साचली की पहिली जाणीव होते, पण ती "सवड मिळाली की जाऊन यावं" एवढीच. चारशे-पाचशे मिलीपर्यंत मूत्राशय ताणलं जातं आणि तोवर त्यात दुखण्यासारखं काही नसतं. दिवसातून सात-आठ वेळा जाणं ही नेहमीची गोष्ट.

मूत्राशयाचं दुखणं असलेल्या बाईला साठ-सत्तर मिलीलाच कळ येते. दिवसातून वीस-पंचवीस वेळा उठावं लागतं, रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांत होते. कपडे ओले होतील या भीतीनं घाईघाईनं जाणं वेगळं आणि दुखतं म्हणून जाणं वेगळं. डॉक्टरांना नेमका हाच फरक सांगायचा असतो आणि आपल्याकडे तो सांगितलाच जात नाही. "लघवीला सारखं जावं लागतं" एवढ्यावर बोलणं थांबतं.

## मग दुखतं कशामुळे?

एकच कारण सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण या दुखण्याकडे जाणाऱ्या वाटा चार-पाच आहेत आणि एकाच रुग्णात दोन-तीन एकत्रही येतात.

पहिली वाट मूत्राशयाच्या आतल्या अस्तराची. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांवर पांढऱ्या मातीचा थर दिलेला असतो. तो धड असेल तर पाऊस त्यावरून सरळ पन्हाळीला लागतो. पातळ पडला किंवा उंदरांनी पोखरला तर पाणी खाली लाकडात मुरतं आणि एक खोली गळायला लागते. मूत्राशयाच्या आतल्या बाजूलाही शर्करेच्या लांब साखळ्यांचा एक चिकट, ओलसर थर असतो. लघवीत पोटॅशियम भरपूर असतं आणि शरीरानं टाकून दिलेली इतर रसायनंही असतात. थर शाबूत असताना ती भिंतीला लागत नाहीत. विरळ झाला की पोटॅशियम आत झिरपतं आणि तिथल्या मज्जातंतूंची टोकं चेतवतं. तिथेच 'मास्ट पेशी' नावाच्या पहारेकरी पेशी असतात. त्या हिस्टामिन सोडतात. अंगावर पित्त उठतं तेव्हा खाज आणणारं रसायन हेच. त्यानं सूज वाढते आणि सुजेनं दुखणं वाढतं.

हा थर मुळात कशानं बिघडतो, यावर मतं एक नाहीत. काहींची तक्रार एखाद्या खरोखरच्या जंतुसंसर्गानंतर सुरू झालेली असते: जंतू गेले, पण भिंत पूर्ववत झाली नाही. काहींमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटल्याची चिन्हं दिसतात. आणि बऱ्याच रुग्णांत, लघवीच्या वाटेनं मूत्राशयात घातलेल्या दुर्बिणीतून बघितलं तर अस्तर अगदी व्यवस्थित दिसतं. त्यांच्याबाबत सगळा दोष थराला देऊन चालत नाही.

दुसरी वाट प्रत्यक्ष जखमेची. बाल्टिमोरमधले डॉक्टर गाय हन्नर यांनी १९१५ साली काही स्त्रियांच्या मूत्राशयात लालसर, सहज रक्त येणारे व्रण असल्याचं नोंदवलं. त्यांना आजही हन्नरचे व्रण म्हणतात. ते थोड्याच रुग्णांत सापडतात आणि पन्नाशीपुढे त्यांचं प्रमाण जास्त असतं. पण सापडले तर उपचाराला धरायला काहीतरी मिळतं: दुर्बिणीतूनच ते जाळता येतात किंवा त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं आणि बऱ्याच जणांना त्यानं चांगला आराम पडतो. ते लघवीच्या रिपोर्टमध्ये नाही, सोनोग्राफीतही नाही, फक्त दुर्बिणीत दिसतात.

तिसरी वाट स्नायूंची आणि ती सगळ्यात दुर्लक्षित आहे. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून झोळीसारखा आधार देणारे स्नायू असतात. बरेच दिवस दुखत राहिलं की माणूस नकळत ते आवळून धरतो. आवळलेला स्नायू स्वतःच दुखायला लागतो, त्यात गाठीसारख्या हळव्या जागा तयार होतात आणि ते दुखणं मूत्राशयातलंच वाटतं. इथे एक सल्ला उलटा पडतो. लघवीची तक्रार म्हटली की मोबाईलवर कुणीतरी 'कीगल'चा व्यायाम पाठवतं, म्हणजे हेच स्नायू आवळून धरण्याचा. आधीच आवळलेल्या स्नायूला तो त्रासाचा ठरतो. अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत या रुग्णांनी तो टाळावा असं स्पष्ट लिहिलं आहे. गरज असते ती स्नायू सैल करण्याची. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ८१ स्त्रियांपैकी काहींना या स्नायूंवर हातानं केलेली खास फिजिओथेरपी दिली आणि काहींना नुसता सर्वांगाचा मसाज. पहिल्या गटात ५९ टक्के जणींना स्पष्ट फरक पडला, दुसऱ्यात २६ टक्के.

चौथी वाट मज्जारज्जूची. वेदनेचे संदेश महिनोन्महिने येत राहिले की मज्जारज्जू आणि मेंदू त्यांना जास्तच जागा देतात. मग साधं मूत्राशय भरणंही वेदना म्हणून वाचलं जातं. मूत्राशय, आतडं आणि गर्भाशय यांच्या नसा मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून एकाचा त्रास दुसऱ्याला लागतो. बद्धकोष्ठ झालं की ओटीपोट जास्त दुखणं, पाळीच्या आधी कळ वाढणं, सोबत पोटाचा जुना विकार किंवा अर्धशिशी असणं या गोष्टी म्हणूनच एकत्र दिसतात.

## "जंतू सापडला नाही म्हणजे नसेलच कशावरून?"

शंका रास्त आहे. कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची तपासणी, फसू शकते. आपल्याकडे तर फसण्याची सोय आपणच करून ठेवतो.

अँटिबायोटिक सुरू असताना नमुना दिला तर जंतू असूनही वाढत नाहीत. उलटही होतं. मे महिन्यात सकाळी घरी भरलेली बाटली हँडबॅगेत घालून एसटीनं तालुक्याला नेली, लॅब उघडायला दहा वाजले, तर एव्हाना बाहेरून मिसळलेले चार जंतू चार लाख झालेले असतात. नमुना शक्यतो लॅबमध्येच, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, पहिली धार सोडून मधल्या धारेचा द्यावा. दोन तासांत तो तपासणीला लागावा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवावा. रिपोर्टमध्ये 'एपिथेलियल सेल्स' खूप लिहिल्या असतील तर नमुन्यात बाहेरच्या त्वचेच्या पेशी मिसळल्या आहेत. असा नमुना पुन्हा द्यायला सांगावं, लाजू नये.

पण नीट घेतलेल्या नमुन्याचं कल्चर दोनदा-तीनदा कोरं आलं, तर चौथा कोर्स कशासाठी? "गोळ्या घेतल्या की बरं वाटतं हो," असं पुष्कळ जण सांगतात. हे दुखणं मुळातच चढ-उताराचं आहे. गोळी सहसा चढाच्या वेळी घेतली जाते, उतार आपोआप येतो आणि श्रेय गोळीला जातं. शिवाय गोळीसोबत पाणी जास्त प्यायलं जातं, त्यानं लघवी पातळ होते आणि झोंबणं कमी होतं.

एका जंतूला मात्र साधं कल्चर पकडूच शकत नाही, तो म्हणजे टीबीचा. मूत्रमार्गाचा टीबी आपल्या देशात विसरून चालत नाही. लघवीत पू-पेशी भरपूर, साधं कल्चर कोरं, अधूनमधून रक्त, वजन उतरलेलं, मूत्राशय आकसत गेलेलं, अशी खूण असली तर टीबीची वेगळी तपासणी मागावीच लागते. सकाळच्या लघवीचे नमुने आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी) चाचणी त्यासाठी असते. ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातली औषधं टीबीच्या जंतूलाही थोडीफार लागू पडतात. त्यामुळे ती पुन्हा पुन्हा घेतली तर टीबी काही काळ दबतो आणि निदान लांबतं. मेडिकलवरून परस्पर आणलेल्या गोळीचा हा तोटा फारसा कुणी सांगत नाही. टीबी निघाला तर राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमातून औषधं मोफत मिळतात.

याशिवाय मुतखडा असतो, तोही मूत्रनलिकेच्या अगदी खालच्या टोकाला अडकलेला. तो हुबेहूब मूत्राशयासारखा दुखतो. गर्भाशयाचं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं, म्हणजे एंडोमेट्रिओसिस, असतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पूर्वी रेडिएशन घेतलेलं असेल तर मूत्राशयाचा त्रास काही वर्षांनीही डोकं वर काढतो. आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचा एक पसरट प्रकार सुरुवातीला फक्त जळजळ आणि वारंवार लघवी एवढ्यावरच असतो. चाळिशी उलटलेल्या, विशेषतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या लघवीत एकदा जरी रक्त दिसलं आणि संसर्ग सापडला नाही, तर दुर्बीण तपासणी टाळू नये. दुखत नाही म्हणून तर मुळीच नाही.

## "गर्भाशय काढलं की थांबेल का?"

हा प्रश्न मराठवाड्यात पुस्तकी नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून जास्त ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यामागे पाळीमुळे बुडणारी मजुरी होती, मुकादमाचा खाडा, म्हणजे न आलेल्या दिवसाचा दंड होता, "पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल" ही घातलेली भीती होती. त्या सगळ्यांना मूत्राशयाचं दुखणं होतं असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण ओटीपोटात दुखतं म्हणून आलेल्या बाईकडे बघायची आपली पद्धत यातून दिसते: बाई, ओटीपोट, म्हणजे गर्भाशय, म्हणजे काढा.

दुखणं मूत्राशयाचं असेल तर गर्भाशय काढून ते जात नाही. फरक ओळखायला एक साधा प्रश्न पुष्कळ मदत करतो: लघवी साचली की कळ वाढते आणि करून आल्यावर कमी होते का? उत्तर 'हो' असेल तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवावं. सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे, उद्धटपणा नाही.

उसाच्या फडात, कोप्यांवर म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर शौचालय नसतं. बायका दिवसभर लघवी दाबून धरतात आणि धरावी लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यानं हा आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण संसर्ग आणि खडा यांची शक्यता वाढते, आणि मूत्राशय आधीच हळवं असेल तर घट्ट, पिवळी लघवी त्याला जास्त झोंबते. अशा बाईला "ताई, दिवसाला तीन लिटर पाणी प्या" सांगणाऱ्यानं ते उतरवायचं कुठे हेही सांगायला हवं. एसटी स्टँडावरच्या स्वच्छतागृहाची कडी लागत नसेल तर आरोग्यशिक्षणाचे फलक कितीही लावा.

## "मनाचं आहे, टेन्शन घेऊ नकोस"

ताणानं हे दुखणं वाढतं, हे खरं. ताणानं ते जन्माला येतं, हे खरं नाही. झोप नाही, प्रवास नाही, लग्नाकार्यात बसता येत नाही, नवऱ्याजवळ जायची धास्ती वाटते (शरीरसंबंधात दुखणं ही या आजाराची नेहमीची तक्रार आहे, पण ती ओपीडीत सासूसमोर कोण सांगणार?), अशा स्थितीत मन खचलं तर नवल नाही.

गैरसमजाला आणखी एक निमित्त मिळतं. या आजारात रात्री अमिट्रिप्टिलिनची छोटी मात्रा देतात. हे औषध मुळात नैराश्यासाठी आलं. नेटवर नाव शोधलं की "मला वेड्यात काढलं" असं वाटून गोळ्या बंद होतात. कमी मात्रेत ते नसांची वेदना दाबण्यासाठी दिलेलं असतं.

आणि पुरुषांनाही हे होतं. त्यांच्यात बहुतेकदा प्रोस्टेटची सूज समजून वर्षानुवर्षं अँटिबायोटिक चालतं. बायकांचा रोग म्हणून तपासायचंच राहून जातं.

## लिंबू सरबत, मोसंबी आणि ठेचा

उन्हाळी लागली की लिंबू सरबत द्यायची रीत आहे. मूत्राशयाचं दुखणं असलेल्या पुष्कळ जणांना नेमकं त्यानंच दुखतं. लिंबू, मोसंबी, संत्रं, टोमॅटो, तिखट, चहा, कॉफी, सोडा आणि दारू यांनी त्रास वाढल्याचं रुग्ण वारंवार सांगतात. जालन्याची मोसंबी घरच्या बागेतली असली तरी मूत्राशयाला त्याचं कौतुक नसतं. चहाचं काय करायचं, हा सगळ्यात अवघड भाग. दिवसातून पाच वेळा कपबशी समोर येते आणि नाही म्हटलं तर पाहुणचाराचा अपमान.

पण ही यादी डोळे झाकून पाळू नका. सगळ्यांना सगळं बाधत नाही. दोन-तीन आठवडे संशयित पदार्थ बंद करावेत, मग एकेक परत सुरू करून बघावा. ज्यानं त्रास होत नाही तो खावा. नाहीतर बाई सगळंच सोडून ज्वारीची भाकरी आणि वरणावर येते, अशक्त होते आणि दुखणं तिथेच राहतं. पाण्याचंही तसंच: फार कमी नको आणि दुखणं धुऊन जाईल म्हणून तांब्यामागे तांब्याही नको. दिवसभर थोडं थोडं प्यावं.

## उपचार आहेत, पण एका गोळीत काम होत नाही

हे दुखणं मुळापासून घालवणारं औषध आज नाही. पण ताब्यात आणता येतं. सुरुवात खाण्यातल्या बदलांनी, बद्धकोष्ठ घालवण्यानं, ओटीपोटावर शेक घेण्यानं आणि स्नायू सैल करणाऱ्या फिजिओथेरपीनं होते. लघवीच्या दोन वेळांमधलं अंतर हळूहळू पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायची सवयही लावतात. सोबत अमिट्रिप्टिलिन किंवा हिस्टामिनविरोधी गोळ्या. पेंटोसान नावाचं तोंडानं घ्यायचं औषध अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झालं. ते अस्तराचा थर सुधारतं अशी कल्पना आहे. मात्र २०१८ पासून ते बरीच वर्षं घेणाऱ्या काहींच्या डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाल्याचं पुढे आलं आहे, म्हणून ते सुरू असेल तर डोळे तपासून घ्यावेत. काही औषधं बारीक नळीनं थेट मूत्राशयात सोडतात. हन्नरचे व्रण असतील तर त्यांचा उपचार आधी. मूत्राशयावरची मोठी शस्त्रक्रिया अगदी शेवटी, क्वचित.

जंतू नसताना महिनोन्महिने अँटिबायोटिक देणं मात्र मार्गदर्शक सूचनांतच नको म्हटलं आहे.

## डॉक्टरकडे जाताना

संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडला मूत्ररोगतज्ज्ञाकडे जायचं तर अर्धा दिवस प्रवासात जातो आणि समोर बसल्यावर पाच-सात मिनिटं मिळतात. ती "खूप दुखतं" सांगण्यात संपू नयेत म्हणून तीन दिवसांची नोंद आधी करा. मुलांच्या जुन्या वहीतलं एक पान पुरतं: "६.१० – ८० मिली, दुखणं ७. चहा. ६.५५ – ५० मिली, दुखणं ८." वेळ, मोजून किती झाली, दहापैकी किती दुखलं आणि त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, बस. रात्रीच्या नोंदीही हव्यात. या एका पानावरून मूत्राशय किती भरल्यावर दुखतं ते डॉक्टरांना दिसतं; बोलण्यातून ते कळत नाही.

जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, घेतलेल्या अँटिबायोटिकची रिकामी पाकिटं टाकून देऊ नका, पाळीची तारीख लिहून ठेवा. जाण्याच्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद करू नका. बसमध्ये अडचण नको म्हणून पुष्कळ जणी तसं करतात, आणि तपासणीच्या वेळी घट्ट लघवीमुळे नेहमीपेक्षा जास्त दुखत असतं. थंडी वाजून ताप आला, कमरेत एका बाजूला जोराची कळ आली, लघवी अडकली, किंवा गरोदरपणात जळजळ सुरू झाली, तर वहीचे तीन दिवस पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. त्याच दिवशी जवळचा दवाखाना गाठायचा.